घोंगडं भिजत घालू नका

मराठीत ‘लोकर’ हा शब्द आता भरवशाचा राहिलेला नाही. दुकानात जाऊन लोकर मागा, समोर रंगीबेरंगी गुंड्यांचा ढीग पडेल. त्यातल्या बहुतेक गुंड्या ॲक्रिलिकच्या असतील. मेंढीशी त्यांचं नातं एवढंच, की आपण त्यांना लोकर म्हणतो. आमच्या आई-मावश्या स्वेटर विणायच्या तेव्हा निदान ‘कॅश्मिलॉन’ म्हणायच्या, म्हणजे धागा कारखान्यातला आहे हे त्यांना माहीत होतं. आता तेही गेलं. थंडीत रस्त्याच्या कडेला ‘वूलन ब्लँकेट’ म्हणून जी गुबगुबीत, गुलाबाच्या नाहीतर वाघाच्या चित्राची ब्लँकेटं लटकतात, ती पॉलिएस्टरची. ती वाईट नाहीत. स्वस्त असतात, हलकी असतात, मशीनमध्ये धुता येतात. ज्याच्या खिशात तेवढेच पैसे आहेत त्याने ती जरूर घ्यावीत. पण लोकर म्हणून घेऊ नयेत आणि लोकरीचे पैसे तर मुळीच देऊ नयेत.

तेव्हा पहिलं सांगणं एवढंच: पैसे काढण्याआधी ‘कशाची?’ असं विचारा. ‘वूलनची’ हे उत्तर धरू नका. मेंढीची का? कुठल्या मेंढीची? ताणा कशाचा आहे, बाणा कशाचा आहे? विकणारा गोंधळला तर समजा की त्यालाही ठाऊक नाही.

खात्री करायची असेल तर काठाचा एक धागा उपसा, चिमट्यात धरा, ताटलीत पाणी घ्या आणि धागा पेटवा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि मागे काळी राख उरते, ती बोटाने चुरता येते. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्रणाच्या धाग्यात हे सगळं एकदम दिसतं, तेव्हा ताण्याचा एक आणि बाण्याचा एक असे दोन धागे वेगवेगळे तपासा.

आता लोकर म्हणजे एकच वस्तू नव्हे, हेही ध्यानात घ्या. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लडाखच्या चांगथांगमधल्या शेळीच्या अंगावर, जाड केसांखाली, हिवाळ्यात जी मऊ लव येते ती पश्मिना. तिचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉनचा. ती शेळीची आहे, मेंढीची नाही. मेरिनो मेंढीची लोकर साधारण २४ मायक्रॉनपर्यंत, सुटाचं चांगलं कापड तिचं. राजस्थानातल्या चोकला, मगरा या मेंढ्यांची लोकर त्याहून जाड आणि कणखर, गालिच्याला उत्तम. आणि आपली दख्खनी मेंढी? तिचा तंतू चाळीसच्या वर, कित्येकदा पन्नासच्याही वर, आपल्या डोक्याच्या केसाच्या जवळपास. साधारण तिसाच्या पुढचा तंतू कातडीला टोचतो. तंतू जाड असला की त्याचं टोक वाकत नाही, बोचतं. इतकं साधं कारण आहे.

म्हणून ‘घोंगडी टोचते’ ही तक्रार मला कधी तक्रार वाटली नाही. ती टोचणारच. तिच्याखाली सुती चादर घ्या, अंगात बाह्यांचा सदरा असू द्या. घोंगडीने मऊ असावं हा हट्ट म्हणजे पायातल्या वहाणेने मखमल व्हावं असा हट्ट. मऊ हवी असेल तर जावळाची मागा. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळ. तिची घोंगडी इतरांपेक्षा मऊ असते, कमी मिळते आणि महाग पडते. तीसुद्धा तुमच्या बाळाला उघड्या अंगावर गुंडाळू नका.

या जाडेपणाचा उपयोग काय, हे घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. जाड तंतू दबत नाही, उभा राहतो, त्यामुळे कापडात हवा धरून ठेवतो, आणि ऊब देते ती हवाच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल वाफेच्या रूपात आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ओल घेताना ती थोडी उष्णताही सोडते. पण तंतूची बाहेरची कातडी पाण्याचा थेंब झटकन आत घेत नाही, शिवाय मेंढीच्या अंगाचा थोडा तेलकटपणा हाताने कातलेल्या सुतात उरलेला असतो. म्हणून घोंगडीची खोळ करून, म्हणजे एक कोपरा आत मुडपून टोपीसारखी डोक्यावर घेऊन, माणूस पावसात मेंढरांमागे तासन् तास उभा राहू शकतो. पाणी उतारावरून ओघळून जातं. आतला घाम वाफ होऊन बाहेर पडतो, प्लॅस्टिकच्या रेनकोटात तो आतच गळत राहतो. रात्री वाड्याशेजारी शेकोटी असते, ठिणगी उडते. लोकर करपते, वितळून अंगाला चिकटत नाही. धनगरांनी हा कपडा निवडला यात परंपरेचं कौतुक कमी आणि शहाणपण जास्त आहे.

अर्थात त्यालाही मर्यादा आहे. दिवसभराच्या मुसळधार पावसात घोंगडी शेवटी भिजतेच, आणि एकदा पुरती भिजली की तिचं वजन उचलवत नाही, चार-चार दिवस वाळत नाही. भाषेत भिजत घोंगडं आलं ते इथूनच, असं मी समजतो.

मग घ्यावी कशी? आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे किंमत ऐकून भुवया वर जाणार नाहीत. एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. तीही दोनदा कातरून. अडीच किलोच्या घोंगडीला चार-पाच मेंढ्यांचं वर्ष लागतं, आणि माती, काटे, कुसळं निघून गेल्यावर जे उरतं त्याचा विचार केला तर त्याहूनही जास्त. मेंढ्या धुवायच्या, कातरायच्या, लोकर रंगाप्रमाणे निवडायची, पिंजायची, कातायची. मग ताणा लावायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून ही खळ होते. गल्लीत उन्हात ताणा पसरून मोठ्या कुंच्याने ती चोपडतात, म्हणजे लोकरीचा केसाळ धागा मागावर तुटत नाही. त्यानंतर खड्ड्याच्या मागावर बसून विणायचं. परंपरेने मेंढी धनगराची आणि माग सनगराचा. सूतकताई दोन्हीकडच्या बायकांची, आणि तिची मजुरी कुणी धडपणे मोजलेली नाही. एवढं सगळं करून चारशे-पाचशे रुपयांत घोंगडी मिळत असेल तर ती घोंगडी नव्हे. पानिपतला जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पुन्हा कातून कांबळी विणतात. तो धंदा मोठा आहे आणि कामाचाही आहे, पण त्यातला तंतू तुटलेला, आखूड. तशी कांबळ लवकर विरते. तिला कांबळ म्हणून घ्या, सनगराची घोंगडी म्हणून नको.

हातात घेतल्यावर काय पाहायचं? सूत थोडं जाड-बारीक असावं. एकसारखं, सुतळीसारखं सरळ आलं तर ते गिरणीचं. गिरणीचं सूत म्हणजे फसवणूक असं नाही, विणकर हल्ली ते वापरतात, पण विचारा आणि किंमत त्याप्रमाणे द्या. कापडात एखादं कुसळ अडकलेलं सापडलं तर आनंद माना, ती मेंढी माळावर चरली होती. रंग काळा, तपकिरी, करडा, असा मेंढीचाच असावा. नैसर्गिक काळा कधी शाईसारखा गडद नसतो, उन्हाने त्यावर तांबूस झाक येते. एकजात काळीभोर घोंगडी दिसली तर पांढरं फडकं ओलं करून घासा. रंग फडक्याला आला तर तो मेंढीने दिलेला नव्हे. आणि नवी घोंगडी ताठ लागली म्हणून परत ठेवू नका. तो ताठपणा खळीचा आहे. वापराने आणि पहिल्या धुण्याने जातो.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. घोंगडी विकताना हल्ली तिच्या अंगी सगळे गुण चिकटवले जातात. तिच्यावर झोपलं की संधिवात जातो, रक्तदाब उतरतो, पाठदुखी पळते, साप-विंचू जवळ येत नाहीत. आखडलेल्या सांध्यांना ऊब बरी वाटते, हे खरं. ती गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते. रक्तदाबाची गोळी मात्र घोंगडीच्या भरवशावर बंद करू नका, आणि शेतात झोपायचं तर खाटेवर झोपा, खाली उजेड ठेवा. घोंगडीचे खरे गुण एवढे आहेत की तिला खोट्यांची गरज नाही. विकणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: औषध म्हणून विकाल तर एकदा घेतलेला माणूस गुण आला नाही म्हणून पुन्हा येणार नाही. पांघरूण म्हणून विका.

धुण्याच्या बाबतीत मी उपदेश करण्याच्या लायकीचा नाही, कारण मी स्वतः एक घोंगडी मारली आहे. आजोबांची होती. त्यांच्यामागे वीस वर्षं ट्रंकेत पडून होती. मी ती बाहेर काढली, वास येत होता म्हणून मशीनमध्ये घातली, गरम पाणी, भरपूर पावडर, आणि वर शहाणपणाने पूर्ण वेळ लावला. बाहेर आली ती पाटासारखी जाड आणि निम्म्या-पाऊण मापाची. आई काही बोलली नाही. तिने ती देवघरापुढे आसन म्हणून टाकली, अजून तिथेच आहे.

झालं काय, ते नंतर समजलं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. कापड आटतं, घट्ट होतं. गंमत अशी की याच दोषावर एक कारागिरी उभी आहे. माग न वापरता, लोकर थरांनी पसरून, पाणी शिंपडून, तुडवून आणि मळून जे जाड अंथरूण करतात त्याला बुरणूस म्हणतात, कोल्हापूर भागात जेन. जे जेन करणारा दिवसभर कष्टून करतो ते मी बटण दाबून केलं, फक्त नको त्या वस्तूचं.

तेव्हा घोंगडी, शाल, लोकरीचा स्वेटर, यांना गार पाणी. साबणाऐवजी रिठा उत्तम. धुण्याचा सोडा अजिबात नको, तो लोकरीला खातो. ब्लीच तर कधीच नको, ते तंतू विरघळवतं. घासू नका, नुसतं दाबा. पिळू नका. घोंगडी खाटेवर आडवी टाकून पाणी निथळू द्या आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. दोरीवर एका टोकाने लटकवली तर पाण्याच्या वजनाने ती लांबते. आणि तासन् तास भिजत घालू नका. पण खरं सांगायचं तर धूच नका. लोकर वास आणि मळ धरून ठेवत नाही, झटकली आणि वारा दाखवला की बराचसा सोडते. ज्यांच्या अंगावर ती रोज असते ती माणसं वर्षानुवर्षं ती फक्त झटकतात.

कसर हा मोठा शत्रू. लोकर खाणारी ती अळी, उडणारा पतंग नव्हे. तिला अंधार, शांतता आणि घामाचा किंवा सांडलेल्या आमटीचा डाग आवडतो. म्हणून ठेवण्याआधी कापड स्वच्छ असू द्या, पूर्ण कोरडं असू द्या. वेखंड, कडुलिंबाचा पाला थोडा दूर ठेवतो, पण आत शिरलेल्या अळीला मारत नाही. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग घट्ट बंद पेटीतच, आणि लहान मूल असलेल्या घरात त्या नकोतच. सगळ्यांत खात्रीचा उपाय फुकट आहे: दर महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढा, उन्हात झटका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात उघडीप दिसली की काढा. बारीक शालीला कसर लागल्याची शंका असेल तर ती पिशवीत घट्ट बांधून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवली तरी चालते. मुळात तुम्ही वापरत असाल तर कसर लागतच नाही. ट्रंकेत जपून ठेवलेली वस्तूच किडते.

शालीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडचे लोक सहलीला काश्मीरला, मनालीला जातात आणि येताना ‘पश्मिना’ घेऊन येतात. दुकानदार अंगठी काढतो, शाल तिच्यातून ओढून दाखवतो, आणि आपण गप्प होतो. अंगठीतून रेशीमही जातं, व्हिस्कोजही जातं. त्याने पातळपणा सिद्ध होतो, पश्मिना नाही. काश्मीर पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या शालीला तपासणीनंतर लेबल लागतं, ते पाहा. यंत्रमागावर विणताना बारीक पश्मिना तुटते म्हणून तिच्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर ते आम्लात विरघळवून काढतात. त्यात शालीचा जीव कमी होतो, तशी ती स्वस्तही असायला हवी. ‘शहातूश’ म्हणून कुणी हळूच काही दाखवलं तर उठून चालू लागा. ते चिरू या हरणासारख्या प्राण्याला मारून काढतात, आणि त्याचा व्यापार बेकायदा आहे. बजेट दोन-तीन हजारांचं असेल तर पश्मिन्याचा नाद सोडा आणि कुलूची, नाहीतर काश्मीरची मेरिनोची ‘रफल’ शाल खऱ्या नावाने घ्या. ती खूप टिकते.

सुटाचं कापड घेणाऱ्यांसाठी एकच वाक्य: ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ हे आकडे तंतू किती बारीक ते सांगतात, कापड किती टिकेल ते सांगत नाहीत. आकडा जितका मोठा तितकं कापड नाजूक, रोज ऑफिसला घालणाऱ्याने मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये.

पुन्हा आपल्या माळावर येऊ. भारतात निघणाऱ्या लोकरीपैकी सुमारे ८५ टक्के गालिच्याच्या दर्जाची, कपड्याच्या दर्जाची फक्त ५ टक्के आणि उरलेली १० टक्के जाडीभरडी, कांबळी-घोंगड्यांची. आपली दख्खनी या शेवटच्या दहात. बारीक लोकर आपण बाहेरून आणतो, आणि इथे मेंढपाळ काय करतो? कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर माळावर तशीच टाकून पुढे जातो. त्याचं पोट मटणावर आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या पैशावर चालतं. म्हणून त्याला वजनदार जनावर हवं. जत भागातली माडग्याळ मेंढी त्याला आवडते. ती उंच आणि भरदार, पण अंगावर लोकर नावालाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, कारण मेंढपाळाला कोकरं हवी आहेत. यात कुणाचं काही चुकलेलं नाही. लोकरीला भाव नाही तर लोकरीसाठी मेंढी कोण पाळेल? पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवापुढे उधळण्याइतकी मोलाची वस्तू रानात टाकून द्यावी लागते, हे पाहिलं की मला कसंसंच होतं.

त्यावर मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा पाहुण्यांना, जावयाला, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला आपण जी नायलॉनमिश्रित शाल देतो, आणि जी तो पुढच्या समारंभात दुसऱ्याला देतो, तिच्याऐवजी एक घोंगडी द्या. ती पुढे ढकलली जाणार नाही, इतकी जड असते. थंड गावात राहणाऱ्यांनी गादीखाली एक अंथरावी. गिर्यारोहण करणाऱ्या पोरांनी निदान एकदा ती घेऊन मुक्काम करून पाहावा, वजनाची कुरकुर आधी करावी आणि मग बोलावं. शाळांनी आसनपट्ट्या घ्याव्यात. ज्याला शक्य आहे त्याने दुकानात न जाता म्हसवडकडे, पट्टणकोडोलीकडे, नाहीतर आपल्या तालुक्यात सनगर गल्ली असेल तिथे जाऊन विचारावं. माग अजून चालू असेल तर तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात असेल, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

गेलात की तो आधी विचारील, ‘अंथरायला का पांघरायला?’ नीट सांगा, कारण त्यावर सूत ठरतं. अंथरायला जाड आणि खरबरीत चालतं, पांघरायला बारीक आणि हलकं लागतं. माप हाताने दाखवा, स्वतःची उंची सांगा. खळ कमी लावा म्हटलंत तर तो हसेल, कारण खळीशिवाय विणता येत नाही, पण विणून झाल्यावर एकदा धुऊन द्या म्हणता येतं. घाई करू नका. पावसाळ्यात ताण्याची खळ वाळत नाही, तेव्हा काम रखडतं. दिवाळीनंतर सांगितलेलं बरं. थोडे पैसे आधी द्या, सूत त्याला उधारीवर आणावं लागू नये. आणि घरी आणल्यावर आठ-पंधरा दिवस ती ओल्या मेंढीसारखी वास मारेल, विशेषतः आभाळ आलं की. बाल्कनीच्या कठड्यावर टाका. शेजारी विचारतील काय आणलंय म्हणून.